उपचार कुठवर आणि कुणासाठी

विताना अडलेल्या म्हशीवर चार पैसे घालायला शेतकरी मागेपुढे पाहत नाही. भाकड जनावराच्या बाबतीत मात्र तो हात आखडता घेतो. त्याच्या हिशेबाला एक कड असते: जनावराचा बाजारभाव. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी बैलांनाही लागू झाली, तेव्हापासून म्हाताऱ्या बैलापुरती तीही कड पुसली गेली. त्याच्या औषधपाण्याचा भार कुणी वाहायचा, हे कायदा सांगत नाही. (शेतकऱ्याला निर्दय म्हणणे शहरात बसून फार सोपे असते.)

आमच्यासारख्यांच्या घरातल्या कुत्र्यामांजरांना बाजारभाव नाही, म्हणून खर्चालाही कड नाही. पूर्वी ती पशुवैद्यकानेच घालून दिलेली होती. एका मर्यादेपलीकडे करण्याजोगे काही उरतच नसे. आता उरते. २०२४ साली मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे प्राण्यांचे मोठे रुग्णालय सुरू झाले. अशा सोयी हव्यातच, त्याबद्दल आमचा वाद नाही. परंतु जी रेघ शास्त्र ओढत होते ती आता आपल्याला ओढावी लागते, आणि ती ओढताना आपल्याला लाज वाटते.

आमची कुत्री तेरा वर्षांची होती. तिची मूत्रपिंडे निकामी होत आली होती. जुनाट विकारात त्यांचा गेलेला भाग पुन्हा कामाला लागत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. तरी आम्ही अठरा दिवस तिला रोज सलाईनसाठी नेत राहिलो. पहिल्या आठवड्यात ती थोडे जेवू लागली. पुढे पुढे रिक्षा थांबली की ती थरथरू लागे. प्रत्येक बिलाबरोबर आम्हांला मात्र हलके वाटे. आपण काही कमी केले नाही, याची जणू ती पावतीच होती. खर्च तिच्यासाठी चालला होता की आमच्यासाठी, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला असता तर आम्ही चिडलो असतो.

माणसाला सुई कशासाठी हे ठाऊक असते. पुढच्या महिन्याच्या आशेवर तो आजचे दुखणे सोसतो. जनावरापाशी तो पुढचा महिना नसतो. म्हणून 'पैसे होते तरी थांबलो' याला आम्ही आता कृपणता म्हणत नाही. आणि ज्याच्यापाशी पैसेच नाहीत, त्याच्या मायेवर शंका घेण्याचा अधिकार तर कुणालाच नाही. वेळेवर दिलेली पार्व्होची लस, वेळेवर केलेली नसबंदी यांत जनावराचे जितके भले होते, तितके अखेरच्या पंधरवड्यातल्या धावपळीत क्वचितच होते.

सध्या घरात एक मांजर आहे. तिच्या लसीकरणाच्या कार्डामागे आम्ही दोन प्रश्न लिहून ठेवले आहेत: बरे होण्याची शक्यता किती, आणि तोवर हिला सोसावे किती लागेल? रकमेचा आकडाही घरी बसूनच ठरवायचा होता. तो अजून ठरलेला नाही.