कट्ट्यावरून बघताना

काय दोस्तांनो, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कधी बसलायत का? मैदानाभोवतीचा तो बुटका कठडा हो! तिथं बसलं की सगळं फुकट बघायला मिळतं. नेटमधली मुलं, धापा टाकत पळणारे काका, भेळेवरून भांडणारी भावंडं. बघू नका असं कुणी म्हणत नाही. मैदान सगळ्यांचं, डोळे ज्याचे त्याचे!

याच मैदानावर ३ डिसेंबर २०२४ रोजी रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. सरांचे दोन लाडके शिष्य, सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी, दोघंही आले होते. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमकडून खेळताना या जोडीनं नाबाद ६६४ धावांची भागीदारी केली होती. सचिनच्या ३२६ आणि विनोदच्या ३४९. विनोदच्या जास्त, बरं का!

कार्यक्रमात विनोदनं सचिनचा हात धरून ठेवला. तेवढाच तुकडा घरोघरच्या मोबाइलवर फिरला. तो कार्यक्रम जाहीर होता, कॅमेरे समोर होते, तेव्हा त्याचं एक वेळ सोडून देऊ. पण त्याआधी ऑगस्टमध्ये, विनोदला धड चालता येत नाहीये आणि लोक त्याला सावरतायत, असाही व्हिडिओ फिरला होता. पुढे डिसेंबरातच तो इस्पितळात दाखल झाला, तर तिथलेही व्हिडिओ आले. आजारी माणसाची खोलीसुद्धा कट्ट्यासमोर आणून ठेवली म्हणायची!

यावर मुलं मला लगेच सांगतात, "बाई, पण तो स्वतःच टीव्हीवर गेला होता ना!" खरंय. २००९ साली 'सच का सामना'मध्ये त्यानं खासगी प्रश्नांना उत्तरं दिली आणि त्याच वर्षी तो 'बिग बॉस'च्या घरातही राहिला. पण तिथं कॅमेरे आहेत हे त्याला ठाऊक होतं, आणि जायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवलं होतं. असले कार्यक्रम मला मुळीच आवडत नाहीत, ते जाऊ दे. पण एकदा दार उघडलं म्हणून ते जन्मभर उघडंच, असं कसं चालेल? तुमच्या वाढदिवसाला आलेला मित्र दुसऱ्या दिवशी न विचारता तुमचं कपाट उघडू लागला तर?

दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. व्हिडिओ पाहूनच मदत आली ना? कपिल देवनं १९८३ च्या संघातर्फे मदतीची तयारी दाखवली. सुनील गावसकरांच्या संस्थेनं २०२५ मध्ये दरमहा ३० हजार रुपये द्यायचं ठरवलं. हे खोटं नाही. पण मदत करणारे मोजके, आणि बाकीचे आपण? आपण नुसतं बघितलं, "अरेरे" म्हटलं आणि पुढे पाठवलं. मदतीला एक फोन पुरला असता. लाखो फोन कशाला हवेत?

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आजारी माणसालाही तो आहेच, आणि नामवंतालाही.

कट्ट्यावरच्या माणसानं कुणाला पडताना पाहिलं तर तो पटकन हात द्यायला उतरतो, आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही जातो. मोबाइल मात्र विसरत नाही. पडलेला माणूस उठून घरी गेला तरी त्यात तो पडतच राहतो. माझ्या वर्गातल्या मुलांना विनोद कांबळी म्हणजे तो व्हिडिओ, एवढंच माहीत आहे. १९९३ मध्ये त्यानं लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं ठोकली, वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४ आणि दिल्लीत झिंबाब्वेविरुद्ध २२७, हे एकालाही ठाऊक नव्हतं. तुमच्या आजोबांना विचारून बघा, वानखेडेवरचा तो डाव त्यांना आठवतोय का.