बदाम पेटीत, दाणे ताटात

पहिल्या वर्षाला होस्टेलवर राहायला आलो तेव्हा आईने पेटीत कपड्यांच्या घडीखाली बदामाची पिशवी ठेवली होती. "रोज रात्री चार भिजत घाल, सकाळी सोलून खा," अशी ताकीद. आठवडाभर पाळली. मग सबमिशन सुरू झाली, भिजवायची वाटी कुणीतरी दाढीला नेली आणि 'आता परीक्षेच्या वेळी खाऊ' म्हणून पिशवी कुलपात गेली. पेपरच्या आदल्या रात्री काढली तर आत जाळी! बुद्धी वाढली असेल तर ती किड्यांची.

त्याच खोलीत माझ्या जळगावकडच्या रूममेटचा दाण्याच्या चटणीचा डबा होता. तो अख्ख्या विंगने दोन दिवसांत संपवला. माझं सगळं म्हणणं या दोन गोष्टींतच आलं. पौष्टिक म्हणून जपून ठेवलेलं पोटात जात नाही, ताटात रोज असतं तेच जातं.

सुकामेवा म्हटलं की आपल्याला काजू-बदाम-पिस्ते आठवतात. शेंगदाणा म्हणजे टाइमपास! वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने तो खरंच सुकामेव्यातला नाही, तूर-हरभऱ्याच्या कुळातला आहे. पण काम तेच करतो. 100 ग्रॅम दाण्यांत साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात, बदामात 21 च्या आसपास. स्निग्धांश दोन्हींत भरपूर, पण बराचसा असंतृप्त, म्हणजे हृदयाला चालणारा. आणि हल्ली एक किलो बदामाच्या पैशांत चार-पाच किलो दाणे येतात. 1996 मध्ये फ्रान्समध्ये अतिकुपोषित मुलांसाठी 'प्लम्पीनट' नावाचं तयार अन्न निघालं. त्यात मुख्य काय, तर शेंगदाण्याची पेस्ट! जोडीला दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं.

आता कबुली. गेल्या वर्षी मी मेस कमिटीवर होतो. बिल वाढलं, काटछाट करायची वेळ आली. रविवारचं गोड काढलं असतं तर पोरांनी आम्हालाच काढलं असतं. म्हणून रोजची दाण्याची चटणी बंद केली, भाजी-कोशिंबिरीतलं कूट कमी केलं. त्या कागदावर माझीही सही आहे. कुणी ओरडलं नाही, तेव्हा वाटलं, जमलं.

जमलं नव्हतं. दुपारी चारला गेटबाहेरच्या वडापावच्या गाडीवर गर्दी वाढली, आणि त्या गर्दीत मी पहिला. एकादशीला तर कहर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, खिचडीत जी काही प्रथिनं येतात ती दाण्याची. कूट कमी केल्यावर ताटात उरला गोळा आणि दुपारच्या प्रॅक्टिकलला झोप.

मग रविवार कारंज्याकडे जाऊन दाण्याचा भाव विचारला आणि जे सही करण्याआधी करायला हवं होतं ते गणित केलं. माणशी 30 ग्रॅम, म्हणजे एक मूठ. 200 मुलांना रोज 6 किलो. माणशी खर्च चार-पाच रुपये. एका वडापावाच्या पैशांत तिघांची चटणी झाली असती. आम्ही वाचवलं काहीच नाही, मेसचा खर्च फक्त पोरांच्या खिशावर ढकलला.

म्हणून नव्या कमिटीला माझं सांगणं आहे. टेबलावर चटणीचा वाडगा परत आणा. रोज एकच नको. सोलापूरकडच्यांना शेंगाचटणी विचारा, विदर्भातल्यांना जवसाची, बाकीच्यांना तिळाची, कारळ्याची. खान्देशातले पोरगे भरितात दाणे कसे घालायचे ते आचारीमामांना आनंदाने शिकवतील. पोह्यांवर दाणे मोजून नको, दिसतील एवढे टाका. आणि खोलीवर भूक लागलीच तर चिप्सऐवजी डब्यात भाजलेले दाणे, फुटाणे आणि गुळाचा खडा असू द्या.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एका मुठीत साधारण 170 कॅलरी असतात, गप्पांच्या नादात पाव किलो संपवू नका. आणि ज्याला दाण्यांची अ‍ॅलर्जी आहे त्याला आग्रह करू नका, त्याच्यासाठी वेगळं वाढा.

तिसरी गोष्ट स्टोअरवाल्यांसाठी. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या वर टर्की पक्षी मेले. कारण निघालं खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीवरची बुरशी. त्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ते भाजूनही पूर्ण जात नाही. नाशिकच्या पावसाळ्यात होस्टेलच्या भिंतींना ओल धरते, तशी पोत्यालाही धरते. तेव्हा दाणे कोरड्या जागी, बंद पिंपात ठेवा. बुरसट, काळपट, कडू दाणा सरळ फेका, तो 'कुटात खपून जाईल' म्हणू नका.

आई अजून फोनवर विचारते, "बदाम खातोस ना?" जाळीचं तिला सांगितलेलं नाही. चटणी परत सुरू झाली की सांगेन. तोवर कमिटीला एकच प्रश्न : केलेली सही मागे घ्यायची असेल तर अर्ज कुणाकडे करायचा?