आधी मोजा, मग बोला



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय विजेचा आहे. मी बी.ए.वाला, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस. विजेतलं मला काय कळतं, असं आमचे चिरंजीव म्हणतीलच. म्हणू देत.

आम्ही अंबाजोगाईकर. परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. 1971 साली तिथला पहिला संच सुरू झाला. पुढे भारनियमनाचे दिवस आले आणि त्या धुरांड्यांच्या शेजारी राहून आम्ही कंदिलाच्या काचा पुसल्या. 2013 च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचे संच बंद ठेवावे लागले. वीज म्हणजे कोळसा आणि पाणी, हे आमच्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. तरीही बिल वाढलं की आपण काय करतो? मोजत नाही. घरात गुन्हेगार शोधतो.

आणि गुन्हेगार ठरतो कोण, तर ज्याला उलटून बोलता येत नाही तो. सासू सुनेच्या वॉशिंग मशीनकडे बोट दाखवते, बाप पोराच्या कॉम्प्युटरकडे, घरमालक भाडेकरूकडे. यातला तिसरा मी.

आमच्या माडीवरच्या खोलीत शिकणाऱ्या दोन मुली राहत होत्या. बिल वाढलं. त्यांच्या खोलीतला दिवा रात्री उशिरापर्यंत दिसायचा. मी म्हटलं, लॅपटॉप रात्रंदिवस चालतात, महिन्याला चारशे रुपये जास्तीचे द्या. त्यातली एक म्हणाली, "सर, लॅपटॉपला एवढी वीज लागत नाही हो." मी ऐकलं नाही. सहा महिने पैसे घेतले. वर्ष संपल्यावर ती खोली सोडून गेली. जाताना पाया पडली, बोलली मात्र काही नाही.

नंतर दिवाळीला आलेल्या पुतण्याने एक छोटं यंत्र आणलं. ते भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचं आणि त्यात आपलं उपकरण लावायचं. किती वॅट, किती युनिट, ते समोर दिसतं. खोलीत राहिलेल्या दुसऱ्या मुलीला विचारून तिचा लॅपटॉप मोजला. दिवसाला 0.2 युनिट. दोघींचे मिळून महिन्याचे 12. मग आमचा जुना फ्रीज चोवीस तास मोजला. 2.6 युनिट! महिन्याचे 78. दाराचं रबर गेलेलं, मागची जाळी धुळीने भरलेली. चोर आमच्याच स्वयंपाकघरात थंड बसला होता. वर महिन्याचे 100 युनिट ओलांडले की पुढच्या युनिटचा दर चढतो, तो भुर्दंड वेगळाच.

हिशोब केला. सहा महिन्यांचे 2400 रुपये दोघींना परत दिले. गेलेल्या मुलीला फोन केला तर म्हणाली, "राहू द्या सर." राहू दिले नाहीत. पण पैसे परत देता येतात, बोललेलं परत घेता येत नाही.

आता कुणी म्हणेल, घराला मीटर आहेच की, वेगळं यंत्र कशाला? अहो, तो मीटर म्हणजे शाळेचा एकूण निकाल. वर्गातला कोण नापास झाला ते त्यातून कसं कळणार? त्यासाठी प्रत्येकाचं प्रगतीपुस्तक लागतं.

गंमत अशी, की हे मोजायचं यंत्र मागितलं तर दुकानदार 'वीज वाचवणारी' डबी पुढे करतो. सॉकेटला लावा, बिल कमी! मंडळी, यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. त्या डबीत बहुधा एक कपॅसिटर असतो, नाहीतर नुसता दिवा. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर सुधारेलही, पण आपलं घरगुती बिल येतं किलोवॉट-तासावर. त्यात फरक पडत नाही. न मोजता वाचवून देतो म्हणणारा आणि पाहून भविष्य सांगणारा, दोघे एकाच पेठेतले.

यंत्र घेताना रंगीत पडदा आणि मोबाईलवरचं ॲप बघू नका. चार गोष्टी बघा.

एक, ते खरे वॅट दाखवतं का? नुसता व्होल्ट गुणिले अँपिअर करणारं यंत्र फ्रीजला 184 दाखवेल, आणि पॉवर फॅक्टर 0.65 असेल तर खरा वापर 120 वॅटच असेल. मग पुन्हा खोटा आरोप!

दोन, गीझर किंवा शेगडी मोजायची तर ते 16 अँपिअरचं हवं. लहान पिनेचं यंत्र जोडणी करून तिथे लावू नका, वितळेल.

तीन, वीज गेल्यावर आकडा पुसला जाता कामा नये. आमच्याकडे चोवीस तास अखंड वीज मिळेलच असं नाही.

चार, एकूण युनिट साठवणारं हवं. फ्रीज थांबत-थांबत चालतो, क्षणाचा आकडा फसवतो. निदान एक दिवस-रात्र मोजा.

पंखा, ट्यूबलाइट, बोअरची मोटार याला लावता येत नाही. त्यासाठी बाकी सगळं बंद करून घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरचा लुकलुकणारा दिवा बघा. मीटरवर 3200 लिहिलेलं असेल तर 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. दहा सेकंदांनी एकदा लुकलुकत असेल तर वापर साधारण 112 वॅट. सातवीच्या पोरालाही जमेल असं गणित आहे, आणि फुकट आहे.

"यंत्राची किंमत वसूल कधी होणार?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. माझं उत्तर, प्रत्येक घराने घेऊच नये. एका घराचं काम आठवडाभरात संपतं, मग ते धूळ खातं. गल्लीत एक घ्या, शाळेच्या प्रयोगशाळेत एक ठेवा, पुस्तकासारखं घरोघर फिरू द्या. पुण्याच्या प्रयास संस्थेने तर लोकांच्या सॉकेटमध्ये यंत्रं लावून गावोगावच्या विजेच्या दाबाची आणि खंडित पुरवठ्याची मिनिटामिनिटाची नोंद ठेवली. नोंद हातात असली की सामान्य माणसाचं तोंडही उघडतं.

फक्त त्या यंत्राची छडी करू नका. सुनेच्या मिक्सरला लावण्याआधी स्वतःच्या टीव्हीला लावा. मी छडी हातात धरलेला माणूस आहे, म्हणून सांगतो.

फ्रीजचं रबर बदललं. आता 1.5 युनिट येतात. माडीवरच्या खोलीतला दिवा अजूनही रात्री उशिरापर्यंत दिसतो. दिसू दे. पोरगी अभ्यास करतेय.

असो. तुमच्या घरी कोण चोर निघाला, ते जरूर कळवा.