शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना डेटाबेस शिकवा

प्रति,
मा. संचालक, उच्च शिक्षण, महाराष्ट्र राज्य, पुणे

महोदय,

महाविद्यालयाच्या कार्यालयात एकाच विद्यार्थ्याची माहिती पुन्हा पुन्हा टाइप होते. प्रवेश, विद्यापीठाची पात्रता, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीची छाननी, केंद्राचे वार्षिक उच्च शिक्षण सर्वेक्षण, ‘नॅक’चे तक्ते, अशी ही रांग आहे. मागणारे वेगळे, नमुने वेगळे. मूळ माहिती मात्र तीच. ती दरवेळी नव्या एक्सेल शीटमध्ये भरली जाते आणि दोन शीटचे आकडे जुळले नाहीत की खापर लिपिकावर फुटते. खरी उणीव त्याला दिलेल्या प्रशिक्षणात आहे.

२००१ पासून एमएस-सीआयटीने असंख्य कर्मचाऱ्यांना संगणकाची ओळख करून दिली, हे मान्यच. पण एक्सेलच्या रकान्यात, मुद्दाम बंधन घातले नाही तर, काहीही मावते. एका तुकडीच्या यादीत ‘ओबीसी’, दुसरीत ‘ओ.बी.सी.’, तिसरीत ‘इमाव’ लिहिले, की बेरजेत एका प्रवर्गाचे तीन होतात. विद्यार्थ्याचा १६ अंकी कायम नोंदणी क्रमांक (पीआरएन) संख्या म्हणून टाकला, तर एक्सेल १५ अंकच धरते आणि शेवटच्या अंकाचे शून्य करते. मग शेजारशेजारच्या विद्यार्थ्यांचे क्रमांक एकच दिसू लागतात. डेटाबेसमध्ये प्रवर्ग ठरलेल्या यादीतूनच निवडायला लावता येतो आणि पीआरएन ‘प्रायमरी की’ केला की तो दुसऱ्यांदा स्वीकारलाच जात नाही. माहिती एकदाच नोंदवायची आणि प्रत्येक अहवाल तिच्यातूनच क्वेरीने काढायचा. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीचा कार्यालयाला होणारा उपयोग हाच.

‘आम्ही ईआरपी (कंपनीचे तयार व्यवस्थापन सॉफ्टवेअर) घेतले आहे’, हे उत्तर ठरलेले. पण नमुन्यात एक रकाना वाढला तरी कंपनीला फोन करावा लागत असेल, तर माहिती आपली असूनही चावी परक्याच्या हाती राहते. करार संपल्यावर माहिती कोणत्या स्वरूपात परत घ्यायची, हे सांगणारा माणूसही कार्यालयातच हवा. पदे रिक्त असताना शिकायला वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप अधिक रास्त आहे. प्रशिक्षण हा भरतीला पर्याय नव्हे. पण माणसे कमी असताना तेच काम पाचदा करणे तर मुळीच परवडत नाही. राहिला ज्येष्ठ कर्मचाऱ्यांचा प्रश्न. जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र क्रमांक द्यायचा आणि तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही, हा नियम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला आहे. प्रायमरी कीचे तत्त्व त्यांच्या हातात आधीच आहे. शिकायचे आहे ते फक्त साधन.

म्हणून विनंती अशी, की डेटाबेसचे प्रशिक्षण कामाच्या वेळेतच द्यावे आणि सेवापुस्तकात त्याची नोंद व्हावी. लिबरऑफिस बेस हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर मोफत मिळते, तेव्हा परवान्याचा खर्च आड येत नाही. सराव महाविद्यालयाच्याच नमुन्यांवर, पण काल्पनिक नावांनी करावा. आणि परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची नको: समोर नवा नमुना ठेवावा आणि कर्मचाऱ्याने एकही नाव पुन्हा टाइप न करता तो भरून दाखवावा.

आपला विश्वासू,
एक नागरिक