‘चिंच’ म्हणता येते ना? मग जपानीही येईल!

गेल्या खेपेला आपण पावसाळ्यात कपड्यांना येणाऱ्या कुबट वासाबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून मात्र तुम्ही म्हणाल, बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना? कारण आजचा विषय आहे जपानी भाषा. हो, हो, जपानीच! आणि तीही घरबसल्या, मोबाइलवरून शिकायची.

त्याचं असं झालं. फेब्रुवारीतली दुपार होती. आमच्या एकलहऱ्याच्या वसाहतीत दुपारी सगळं कसं सामसूम असतं. खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या तेवढ्या दिसत असतात. अशा वेळी शेजारच्या वहिनी आल्या. हातात एक गुळगुळीत माहितीपत्रक आणि चेहरा उतरलेला. त्यांच्या लेकीचं नर्सिंगचं शिक्षण पुरं झालंय. जपानमध्ये वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांना मागणी आहे, हे तिला कळलं आणि ती मोबाइलवर जपानी शिकू लागली. रोज, न चुकता. दोनशेच्या वर दिवस झाले, एक खाडा नाही! डिसेंबरात पुण्याला जाऊन तिनं पहिली परीक्षा दिली आणि नापास झाली. आता एक क्लासवाले म्हणतात, दीड लाख भरा, सहा महिन्यांत तयार करून पाठवतो. वहिनी हळूच म्हणाल्या, “बाई, माझ्या पाटल्या आहेत. मोडू का?”

पाटल्या म्हटलं की आपल्या पोटात कसं होतं, ते मी तुम्हांला सांगायला नको. मी म्हटलं, “थोडं थांबा. पोरगी नेमकी कुठं अडली, ते आधी बघू.”

गुणपत्रक पाहिलं आणि उलगडा झाला. या परीक्षेच्या पाच पायऱ्या असतात. ‘एन ५’ सगळ्यांत सोपी, ‘एन १’ सगळ्यांत अवघड. ‘एन ५’ला १८० पैकी ८० गुण मिळाले की पास. तिला तर ८६ होते! पण ऐकण्याच्या भागात ६० पैकी निदान १९ हवेतच, असा नियम आहे, आणि तिथं तिला मिळाले होते १४. म्हणजे पोरीचे डोळे पास झाले, कान नापास झाले.

“पण काकू, फोन तर रोज शाबासकी द्यायचा,” ती रडवेली होऊन म्हणाली.

इथंच खरी गोम आहे. म्हणून मी स्वतःच पदर खोचला आणि तिच्याबरोबर शिकायला बसले. तेव्हापासून जे काही उमगलं, ते तुमच्यापुढं ठेवते. तुमच्या घरातही कोणी मुलगा, सून, भाची फोनवर परकी भाषा शिकत असेल, तर उपयोगी पडेल.

आधी एक सांगते. जपान आपल्याला वाटतं तेवढं परकं नाही. तोक्योमध्ये १९०१ साली निघालेल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका महर्षी कर्व्यांच्या हाती पडली. तिच्यावरून त्यांनी १९१५ मध्ये महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ मध्ये पुण्यात ते उभंही राहिलं. आज आपण ज्याला एस. एन. डी. टी. म्हणतो, तेच हे. एका पुस्तिकेनं केवढं काम केलं पाहा! आता तर पुस्तकच काय, शिकवणारा आवाजसुद्धा फोनमधून स्वयंपाकघरात येतो. पूर्वी जपानी शिकायची म्हणजे पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी जावं लागे. एकलहऱ्याच्या मुलीला ते कुठलं जमायला!

आता या नव्या सोयी कोणत्या, ते पाहू. ‘जपान फाउंडेशन’ ही जपानची सरकारी पाठबळाची संस्था. तिनं २०१६ मध्ये ‘मिनातो’ नावाची ऑनलाइन शाळा सुरू केली. मिनातो म्हणजे बंदर. तिथं नाव नोंदवून आपलं आपण शिकायचे अभ्यासक्रम फुकट आहेत, आणि शिक्षकांच्या देखरेखीखालचे वेगळे आहेत. त्याच संस्थेची ‘इरोदोरी’ नावाची पुस्तकं २०२० पासून फुकट उतरवून घेता येतात. नुसती पुस्तकं नाहीत, प्रत्येक धड्याचे आवाजही! बाजारहाट, दवाखाना, कामाची जागा असे रोजचेच प्रसंग त्यांत आहेत. शिवाय धड्याशेवटी ‘आज मला काय काय करता येऊ लागलं’ हे स्वतःच तपासायची यादी. स्पष्टीकरण इंग्रजीतून मिळतं. आम्ही पहिलं पुस्तक झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं आणि दाभणानं शिवून टाकलं.

ज्यांना इंग्रजीचं दडपण वाटतं, त्यांच्यासाठी आणखी एक बातमी. २०२५ च्या एप्रिलमध्ये ड्युओलिंगो या कंपनीनं एकदम १४८ नवे अभ्यासक्रम जाहीर केले. त्यामुळं हिंदीतूनही जपानी शिकायची सोय झाली. छोट्या गोष्टी वाचायच्या आणि रेडिओसारखे संवाद ऐकायचे, असे भाग त्यांत आहेत. हे सारं आहे मात्र सुरुवातीच्या पायऱ्यांपुरतं.

सोयी झाल्या. पण पुरणयंत्र आणलं म्हणून पुरणपोळी होत नाही. डाळ नीट शिजायला हवी. तशाच या चार गोष्टी.

पहिली गोष्ट कानाची. पोरगी काय करायची, तर आवाज आला न आला, तोच खाली लिहिलेलं वाचायची आणि चारांतलं एक उत्तर टिपायची. उत्तर बरोबर आलं की फोन खूश! आता आम्ही फोन पालथा ठेवतो. आधी दोनदा नुसतं ऐकायचं, ऐकलेलं तोंडानं म्हणायचं आणि मगच पडदा पाहायचा. सावकाश ऐकायची कळ असते. ती पहिल्या आठवड्यापुरती ठीक, परीक्षेत ती कोणी देत नाही. आणि कान तयार असणं किती गरजेचं, ते ऐका. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. एवढासा स्वर लांबला की चांगल्या चाळिशीतल्या बाईची आजी झाली! ‘किते’ म्हणजे ‘येऊन’ आणि ‘कित्ते’ म्हणजे टपालाचं तिकीट. पण आपल्याला हे अवघड का जावं? ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘पिता’ आणि ‘पित्ता’ यांतला फरक आपण शाळेत शिकलेल्याच आहोत.

दुसरी गोष्ट जिभेची. बोललेलं ऐकून यंत्र बरोबर-चूक सांगतं, अशी सोय आता बऱ्याच ठिकाणी असते. ती जरूर वापरा. पण त्याआधी आपली मराठी वापरा. जपानी अक्षरांची एक ओळ आहे, ‘ता, चि, त्सु, ते, तो’. हे ‘त्सु’ इंग्रजीतून शिकणाऱ्याला फार छळतं. आता तुम्ही ‘चिंच’ म्हणून पाहा. पहिला ‘च’ वेगळा आणि शेवटचा वेगळा, हो ना? पहिला जपानीतल्या ‘चि’चा, शेवटचा ‘त्सु’चा. चूल, चुना, चुलता म्हणताना आपण तोच आवाज काढतो. जे दुसऱ्यांना महिनाभर घोटावं लागतं, ते आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालंय!

वाक्यांचंही तसंच. जपानीत क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं, आणि प्रत्ययाचं काम करणारे शब्द नामाच्या मागून येतात. ‘नाशिक कारा तोक्यो मादे’ म्हणजे नाशिकपासून तोक्योपर्यंत. ‘ओचा ओ नोमिमासु का?’ म्हणजे चहा घेता का? शेवटचा ‘का’ तर आपलाच! आणि ‘आत्सुइ देसु ने’ म्हणजे ‘गरम आहे ना’. म्हणून माझं ऐका. जपानी वाक्य आधी इंग्रजीत आणि मग मराठीत आणत बसू नका. थेट मराठीत आणा, निम्मं काम हलकं होतं.

तिसरी गोष्ट हाताची. अक्षर बोटानं पडद्यावर गिरवायची सोय फार गोड आहे. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, ते तिथं दिसतं. पण मी शाळेत मुलांना शिकवते, म्हणून सांगते. गिरवणं म्हणजे येणं नव्हे. पडद्यावर गिरवून झालं की फोन बाजूला ठेवावा आणि गणिताच्या चौकटीच्या वहीत न बघता लिहून पाहावं. ‘ने’, ‘रे’ आणि ‘वा’ ही अक्षरं तिळ्या बहिणींसारखी दिसतात, त्यांची फारकत वहीतच कळते. मूळ अक्षरं ४६, आणि परकीय शब्दांसाठी त्यांचाच दुसरा ४६ चा संच. त्यांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना असा ओळखीचा वाटतो. कारण तो मुळात आपल्या वर्णमालेवरून बेतलेला आहे, बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून तिकडं गेलेला. ही अक्षरं बसली की रोमन लिपी दाखवायची कळ लगेच बंद करा. ती चालू राहिली की डोळे आयत्या घासाची वाट बघतात. पुढं चिनी वळणाची अक्षरं येतात. रोजच्या वापरासाठी सरकारनं ठरवलेली अशी २,१३६ आहेत. घाबरू नका, ती एकदम कोणी मागत नाही.

चौथी गोष्ट उजळणीची. जुना शब्द चार दिवसांनी, मग आठ दिवसांनी, मग महिन्यानं पुन्हा विचारायचा, असं काही ॲप्स आपणहून करतात. ही मला सगळ्यांत शहाणपणाची सोय वाटली. पापड एकदा उन्हात टाकून भागतं का? मधून मधून उलटावे लागतातच. पण मुलींना नव्या धड्याचे गुण हवे असतात आणि उजळणीचा कंटाळा येतो. ‘इतके दिवस अखंड’ हा आकडा फोन उघडल्याचा आहे, शिकल्याचा नाही. आमच्याकडं आता आठवड्याचा हिशेब एकाच प्रश्नावर होतो. या आठवड्यात न बघता कोणती पाच वाक्यं बोलता येऊ लागली?

आता पाटल्यांकडं वळू. क्लास वाईटच असतात, असं मी म्हणणार नाही. चांगला शिक्षक मिळाला तर सोन्याहून पिवळं! पण पैसे मोजण्याआधी काही गोष्टी ठाऊक हव्यात. कुशल कामगारांना परवाना द्यायची नवी पद्धत जपाननं एप्रिल २०१९ पासून सुरू केली, आणि भारताशी तिच्याबाबतचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. या पद्धतीत ‘एन ४’ किंवा ‘जेएफटी बेसिक’ ही परीक्षा लागते. शुश्रूषेच्या कामाला त्यावर आणखी कौशल्याची परीक्षा आणि त्या कामातल्या जपानीची वेगळी परीक्षा असते. म्हणजे ‘एन ५’ ही नुसती पहिली पायरी. ‘एन ५ झालं की विमानात बसवतो’ म्हणणाऱ्याला उंबऱ्यावरूनच नमस्कार करा. परदेशी पाठवणाऱ्या एजंटाची सरकारदरबारी नोंदणी आहे की नाही, हे परराष्ट्र खात्याच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येतं. क्लासवाल्याला सरळ विचारा, शिकवायचे पैसे किती, पाठवायचे किती, आणि परीक्षा नाही झाली तर परत किती? मग ते सगळं कागदावर मागा. वहिनींनी मागितलं. त्या दिवसापासून क्लासवाल्यांचा फोन यायचा थांबलाय.

सध्या आमचा बेत असा आहे. सकाळी भाज्या निवडताना वीस मिनिटं ऐकणं, दुपारी वहीत एक पान आणि रात्री जेवणं झाल्यावर आईला म्हणून दाखवणं. वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या. जपानी अक्षर त्यांना एक येत नाही, पण कान असा तिखट, की “अगं, परवा हे लांब म्हणाली होतीस, आज आखूड का म्हटलंस?” म्हणून लगेच टोकतात. आणि बरोबर टोकतात, बरं का! असा परीक्षक दीड लाखातसुद्धा मिळायचा नाही. यंत्र चुकलं की लाल दिवा दाखवतं. आई चुकलं की विचारते, ‘असं का?’ आणि ते समजावून सांगताना पोरीला दुप्पट येतं.

जुलैच्या पहिल्या रविवारी तिनं पुन्हा परीक्षा दिली. निकाल अजून यायचाय. ती पास होईल की नाही, मी सांगू शकत नाही. पण आदल्या दिवशी पुण्याला निघताना मी त्यांच्या दारातच उभी होते. जपानी माणूस घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही. तो म्हणतो ‘इत्तेकिमासु’, म्हणजे शब्दशः ‘जाऊन येते’. पिशवी खांद्याला अडकवून पोरगी तेच म्हणाली. त्याला घरच्यांनी द्यायचं उत्तरही ठरलेलं आहे. वहिनींनी ते पाठ केलं होतं, पण ऐन वेळी घसा दाटला आणि त्या मराठीतच म्हणून गेल्या, “जाऊन ये गं.”

पोरगी हसली. म्हणाली, “आई, अगदी बरोबर! तेच म्हणायचं असतं.”

वहिनींच्या हातात पाटल्या अजून आहेत. पुढंमागं खरंच त्या मोडायची वेळ आली, तर काय विचारायचं आणि काय तपासायचं, ते आता त्यांना ठाऊक आहे.

बरं तर मैत्रिणींनो, पुढच्या खेपेला श्रावणातल्या उपासाच्या पदार्थांविषयी बोलू. आज एवढंच. जाऊन येते!