आधी हिरड्या बऱ्या करा, मग इम्प्लांट: बीड जिल्ह्यातील नागरिकांना तातडीचे आवाहन



हिरड्यांतून रक्त किंवा पू येत असेल, दात हलत असतील, तर अशा तोंडात इम्प्लांट बसवून घेऊ नका. आधी हिरड्यांवर उपचार करा, निदान दोन-तीन महिने थांबून फेरतपासणी करा आणि त्यानंतरच इम्प्लांटचे ठरवा.

हे आत्ताच सांगावे लागते आहे, कारण दसरा-दिवाळी जवळ आली आहे. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घरात येते आहे. काही आठवड्यांत ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतील. ज्यांच्या घरातून कोणी ऊसतोडीला जात नाही, त्यांच्याकडेही सोयाबीन-कापसाचे पैसे याच दिवसांत येतात. वर्षभर अंगावर काढलेली दुखणी मग या पैशांत आणि या घाईत उरकली जातात. हलणारा दात काढायचा, ‘तीन दिवसांत पक्के दात’ अशी जाहिरात पाहून इम्प्लांट बसवायचे आणि गाडीत बसायचे. पुढचे पाच-सहा महिने दातांच्या डॉक्टरांची गाठ पडत नाही. एका इम्प्लांटला कॅपसह साधारण पंचवीस ते पन्नास हजार रुपये पडतात. उचल म्हणजे अजून न तोडलेल्या उसाचे पैसे. इम्प्लांट निखळून हातात आले, तरी ते पैसे अंगमेहनतीने फेडावेच लागतात.

घाईतल्या शस्त्रक्रियेची किंमत या जिल्ह्याने मोजली आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दाताची आणि गर्भाशयाची बरोबरी होऊ शकत नाही, पण त्यामागची कारणे आपल्या चांगल्या ओळखीची आहेत. खाडा पडू नये, हंगाम बुडू नये, औषधोपचाराला सवड नाही, म्हणून दुखणारा अवयवच काढून टाकायचा. दातांच्या बाबतीत तरी ही वाट धरू नका. हलणारा प्रत्येक दात काढावाच लागतो असे नाही. हिरड्यांवर वेळेत उपचार झाले तर बरेच दात वाचतात.

हे आवाहन इम्प्लांटच्या विरोधात नाही. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा छोटा स्क्रू आणि त्यावरचा कृत्रिम दात. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. हाड टायटॅनियमला घट्ट धरून घेते, याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. निरोगी तोंडात नीट बसवलेली आणि निगा राखलेली शंभरातली नव्वदहून अधिक इम्प्लांट दहा वर्षांनंतरही टिकून असतात. मात्र त्यासाठी तोंड निरोगी हवे.

पायरियात, म्हणजे हिरड्यांच्या आजारात, नेमके उलटे घडते. दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो, त्याचे कडक कीटण होते, हिरडी सुजून दातापासून सुटते आणि मध्ये खिसा तयार होतो. त्या खिशात जंतू वाढतात आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजत जाते. बहुतेक वेळा दुखत नाही, त्यामुळे दात हलेपर्यंत कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही.

‘दात काढला की पायरिया गेला’ हा समज खरा नाही. शेजारच्या दातांच्या खिशांतले जंतू नव्या इम्प्लांटभोवती येऊन वस्ती करतात. कापूस लावणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. जुन्या कापसाची फरदड ठेवलेल्या रानाला लागून नवी सरकी लावली, तर गुलाबी बोंडअळी बियाण्याचे पाकीट किती महागाचे होते ते विचारत नाही. शिवाय नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात, ते जंतूंना अडवतात. इम्प्लांटला असे तंतू चिकटत नाहीत. म्हणून तिथे जंतुसंसर्ग झाला की तो हाडापर्यंत लवकर पोहोचतो. सुरुवातीला नुसती हिरडी सुजते, तेव्हा साफसफाईने ती बरी होते. हाड झिजू लागले की ते थांबवणे अवघड असते आणि अनेकदा इम्प्लांट काढावे लागते. मग त्या जागी हाडच इतके कमी उरते की दुसरे बसवणे आणखी कठीण होते आणि खर्चही वाढतो.

आपल्याकडे हा धोका वाढवणाऱ्या दोन गोष्टी घरोघरी आहेत.

पहिली तंबाखू. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते आणि त्यांतले बहुतेक ती खाणारे किंवा हिरड्यांना लावणारे होते. बायका सकाळी तव्यावर भाजलेली मिसरी लावतात. तिने दात साफ होतात, दुखणे थांबते असे वाटते. प्रत्यक्षात ती हिरडीला थेट लावलेली तंबाखू असते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग आत वाढत असूनही वरून सगळे ठीक दिसते. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतात. त्या खाऊन ज्यांच्या तोंडात आपली तीन बोटे उभी मावत नाहीत, त्यांनी इम्प्लांटचा विचार बाजूला ठेवून आधी तोंडाची तपासणी करून घ्यावी. ते कर्करोगाच्या आधीचे लक्षण असू शकते.

दुसरी साखर. मधुमेह ताब्यात नसेल तर हिरड्यांचा आजार वाढतो आणि हिरड्या सडत असतील तर साखर ताब्यात येत नाही. हिरड्यांवर नीट उपचार झाले की रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीएवनसी तपासणीचा आकडा साधारण 0.4 ने उतरतो, असे अभ्यासांत दिसले आहे. इम्प्लांटच्या आधी ही तपासणी करून घ्या. हाडे ठिसूळ झाल्यामुळे किंवा कर्करोगासाठी हाडांचे इंजेक्शन घेतले असेल, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, जबड्याला किरणोपचार झाले असतील, तर तेही डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा.

आता वेळेचे गणित मांडू. हंगाम आणि उपचार यांचा मेळ बसतो.

निघण्याआधी हिरड्यांची तपासणी करून कीटण काढून घ्या. खिसे खोल असतील तर हिरडीखालच्या मुळांचीही सफाई करावी लागते. हे काम काही बैठकांत होते. सरकारी दवाखान्यात खर्चही फार नसतो. हंगामात कोपीवर सकाळी आणि रात्री मऊ ब्रश व पेस्ट वापरा, मिसरी आणि पुडी बंद करा. गुढीपाडव्याच्या सुमारास परत आलात की फेरतपासणी करा. हिरड्यांतून रक्त-पू येणे थांबून त्या घट्ट झाल्या असतील, खिसे भरून आले असतील, तर तेव्हा इम्प्लांटचे बोला. चैत्र-वैशाखात स्क्रू बसला तर पावसाळ्यात हाड धरते आणि पुढच्या दसऱ्याच्या आत कॅप लागते. मधल्या काळात टाके, सूज, तपासणी यांसाठी तुम्ही गावातच असता. खिसे भरले नसतील, तर लहान शस्त्रक्रिया करून आणखी थांबावे लागेल. तोवर काढता-घालता येणारी कवळी वापरता येते. हंगामावर न जाणाऱ्यांसाठीही क्रम हाच आहे, फक्त महिने तुमच्या सोयीचे.

आधी पायरिया झालेल्यांनी एक गोष्ट कायमची लक्षात ठेवावी. उपचारानंतर इम्प्लांट बसते, टिकतेही, पण धोका इतरांपेक्षा जास्तच राहतो. दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सफाई आयुष्यभर करावी लागते. हे जमणार नसेल तर इम्प्लांटवर पैसे घालू नका.

पैसे देण्याआधी डॉक्टरांना हे प्रश्न विचारा:

• सगळ्या दातांभोवतीच्या खिशांची खोली मोजली का? तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चार आणि पुढे असेल तर तिकडे लक्ष द्यायला हवे.
• पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे आणि जिथे इम्प्लांट बसवायचे तिथला सीबीसीटी स्कॅन काढला का?
• हा दात वाचवता येईल का? नसेल तर का नाही?
• इम्प्लांट कोणत्या कंपनीचे? त्याचा क्रमांक असलेले स्टिकर मला मिळेल का?
• पुढे किती वेळा यावे लागेल आणि काही बिघडले तर काय करणार?

महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरकडेच जा. तारेने आणि प्लास्टिकने शेजारच्या दातांना चिकटवून ‘पक्के दात’ देणाऱ्यांकडे जाऊ नका. ते साफ करता येत नाहीत, आणि ज्या चांगल्या दातांना ते चिकटवतात तेही हलू लागतात. तपासणीसाठी बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मोठ्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे.

जिल्ह्यातल्या दंतवैद्यांना विनंती: सुजलेल्या हिरडीत इम्प्लांट बसवायला नकार द्या, रुग्ण दुसरीकडे गेला तरी चालेल. मुकादमांना विनंती: निघण्याआधी आणि आल्यावर कोयत्याला, म्हणजे ऊसतोड जोडप्याला, दवाखान्यासाठी दिवस द्या आणि तो खाड्यात धरू नका. आशाताईंना विनंती: महिलांची तपासणी होते तेव्हा हिरड्यांतून रक्त येते का, मिसरी लावता का, हेही विचारा. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे मागणी: हंगामापूर्वीच्या आणि हंगामानंतरच्या तपासण्यांत दातांच्या डॉक्टरला जागा द्या.

आज रात्री आरशासमोर उभे राहून दात घासा आणि थुंकीकडे पाहा. त्यात लाल दिसले, हिरडी दाबून पू आला, किंवा दात बोटाने हलला, तर या आठवड्यातच हिरड्यांची तपासणी करून घ्या. इम्प्लांटसाठी कुणाला पैसे कबूल केले असतील, तर बाकीचे पैसे देण्याआधी खिशांची मापे लेखी मागा. मापे मिळाली नाहीत तर इम्प्लांट थांबवा आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या.