ईद कुणाच्या घरी?

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले की आपल्या घराघरांतून विचारणा सुरू होते, लेक ईदला येणार का? उत्तर बहुधा ठरलेले असते. ईद सासरी, आणि माहेरी यायचे ते बासी ईदला, तेही सासूबाईंनी हो म्हटले तर. या वेळी आम्ही वाचकांना अशा बेटांवर नेणार आहोत, जिथे जुन्या रीतीच्या घरात हा प्रश्नच पडत नसे.

ही बेटे म्हणजे आपले लक्षद्वीप. केरळच्या किनाऱ्यापासून २२० ते ४४० किलोमीटर दूर, अरबी समुद्रात. वस्ती असलेली बेटे दहा आणि सगळी जमीन मिळून फक्त ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ६४,४७३ होती आणि शंभरातले शहाण्णवांहून अधिक लोक मुसलमान. मजहब शाफई, म्हणजे आपल्या कोकणी मुसलमानांचाच.

इथे नारळ मुबलक, समुद्रात कुप्पा मासा मुबलक. तांदूळ मात्र बाहेरून येतो. फित्रा धान्यात काढायचा तर तोही जहाजाने आलेल्या तांदळातून! चंद्राचे वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ईद ऋतूंमधून फिरत राहते. २०१८ साली ती जूनच्या मध्यावर, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर आली होती. अशा दिवसांत समुद्र खवळलेला असतो, लहान होड्या बंद असतात. मुख्य भूमीवर शिकणाऱ्या मुलांना ईदला घरी पोहोचायचे तर जहाजावर जागा मिळणे आले आणि हवामानाने साथ देणेही आले. कोकणातून आखातात गेलेल्यांच्या घरच्यांना ही वाट पाहणे वेगळे समजावून सांगायला नको.

पण मुले परततात ती कुणाच्या घरी? आईच्या. बेटावरचे जुने कुटुंब म्हणजे तरवाड. एका आजीच्या लेकी, नाती, त्यांची मुलेबाळे असे सगळे आईकडून जोडलेले. जुन्या रीतीत नवरा लग्नानंतरही आपल्या आईच्याच घरचा. रात्री बायकोच्या घरी यायचा आणि सकाळी परत जायचा. आता वेगळे संसार थाटणारी जोडपी वाढली आहेत. तरी त्या जुन्या घरात सणाच्या दिवशी बाई आपल्या आईच्या, बहिणींच्या सोबतीने चुलीपाशी असे. पाहुणा असे तो जावई.

मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९६९ साली याच समाजावर पुस्तक लिहिले. मातृवंश आणि इस्लाम एका घरात कसे नांदतात, हा त्यांचा विषय. त्याचे उत्तर बेटावरच्या लोकांनी मालमत्तेतून काढले आहे. शुक्रवारची मालमत्ता तरवाडाची. ती लेकींच्या वंशात चालते. सोमवारची मालमत्ता स्वकमाईची. ती शरीअतप्रमाणे वारसांत वाटली जाते. या मेळावर उलेमांचे आणि कायदेपंडितांचे वाद झाले आहेत, त्यात आम्ही पडत नाही. ही रीत आपण उचलावी असेही आमचे म्हणणे नाही.

आमचे म्हणणे वेगळेच आहे. सूरह निसामध्ये मुलीचा वाटा नेमून दिलेला आहे. तो कुणाच्या मेहरबानीवर ठेवलेला नाही. तरीही आपल्याकडे किती भगिनी हक्कसोडपत्रावर सही करतात! कारण विचारले तर सांगतात, "माहेर तुटायला नको. ईदला जायला एक दार तरी उघडे राहावे." म्हणजे दोन दिवसांच्या पाहुणचारासाठी आयुष्याचा हक देऊन टाकायचा. आणि भाऊ तो "बहिणीने खुशीने दिला" म्हणून घेतात.

तरवाडातल्या बाईला हा सौदा करावा लागत नसे, कारण तिचे दार कधी बंदच होत नसे. आपल्याकडे ते दार उघडे ठेवणे भावांच्या हातात आहे. यंदा बहिणीला ईदी द्याल तेव्हा वडिलांच्या जमिनीचा, घराचा विषय तुम्हीच काढा. तिचा वाटा किती होतो ते मोजून सांगा, कागदावर नाव चढवा. आणि वाटा घेतल्यानंतरच्या पहिल्या ईदला तिला मुद्दाम बोलावणे धाडा, बासी ईदचे नव्हे, ईदच्या दिवसाचेच.